फाटकापाशी थांबणारा माणूस

प्रिय ताई,

१४ वर्षांपूर्वी मी प्रभूवर विश्वास ठेवला. त्या दिवसापासून नवऱ्यासाठी रोज प्रार्थना करते. माणूस म्हणून ते फार चांगले आहेत, पण हा विषय घरात काढायचाच नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं. मुलगा लहानपणी माझा हात धरून संडे स्कूलला यायचा. आता २४ वर्षांचा आहे, नोकरीसाठी दूर राहतो आणि म्हणतो, "आई, माझा आता यातल्या कशावरच विश्वास नाही." मी त्याला रोज सकाळी मोबाइलवर एक वचन पाठवते. त्यानं वाचल्याची खूण दिसते, उत्तर येत नाही.

गेल्या महिन्यात हे म्हणाले, "तू माझ्यासाठी प्रार्थना करतेस ना, तेव्हा मी तुझं अर्धवट राहिलेलं काम आहे असं वाटतं मला." तरी दर रविवारी मला चर्चच्या फाटकाशी सोडतात आणि उपासना संपेपर्यंत गाडीत पेपर वाचत थांबतात. आमच्या संगतीतल्या एक बाई म्हणाल्या, "तुमचा विश्वास कमी पडतोय, नाहीतर इतकी वर्षं लागली नसती." ताई, आता गुडघे टेकले की शब्दच येत नाहीत. प्रार्थना छताला आपटून खाली पडते. थांबवू का? आणि उद्या यांना काही झालं तर?

– एक थकलेली बहीण

*

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमच्या प्रश्नांकडे येण्याआधी त्या बाईंचं वाक्य बाजूला काढू या, कारण ते काट्यासारखं आत रुतून बसलंय आणि तो काटा निघाल्याशिवाय बाकीचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचायचं नाही.

जॉर्ज म्युलरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्यानं हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि पैशासाठी माणसांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर तो हे काम चालवत राहिला. विश्वासाचं उदाहरण द्यायचं झालं की लोक त्याचंच नाव घेतात. याच म्युलरनं नोव्हेंबर १८४४ मध्ये पाच जणांच्या तारणासाठी प्रार्थना सुरू केली. रोज, एकही खाडा नाही. आजारी असो, प्रवासात असो, कामाचा कितीही बोजा असो. पहिला माणूस दीड वर्षानं विश्वासात आला. दुसऱ्याला त्यानंतर पाच वर्षं लागली, तिसऱ्याला आणखी सहा. आणि उरलेले दोघे? जवळजवळ ३६ वर्षांनी म्युलरनं स्वतःच एका प्रवचनात सांगितलं की ते दोघे अजून होते तिथेच आहेत आणि मी अजून प्रार्थना करतोच आहे. माझ्या हजारो प्रार्थनांना त्याच दिवशी, त्याच तासाला उत्तर मिळालं, हेही त्यानं त्याच प्रवचनात सांगितलं.

माणूस एकच, विश्वास एकच. एक प्रार्थना संध्याकाळच्या आत पुरी होते, दुसरीला ३६ वर्षं पुरत नाहीत. विश्वास मोजायची पट्टी कुणाकडे असेलच, तर ती या ठिकाणी चालत नाही.

आणि म्युलर तरी कशाला? योहानाच्या सातव्या अध्यायात एक छोटंसं वाक्य आहे, वाचताना पटकन निसटून जातं: येशूचे भाऊदेखील त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. एका छपराखाली वाढलेले भाऊ. त्यांनी येशूला जितकं जवळून पाहिलं तितकं तुम्ही-आम्ही कुणाला पाहिलं असेल? तरी नाही. मग येशूचं काही कमी पडलं का? पुढे प्रेषितांच्या कृत्यांत, पहिल्याच अध्यायात, माडीवरच्या खोलीत प्रार्थना करणाऱ्यांची नावं येतात. त्यांत मरीया आहे आणि तिच्याबरोबर हेच भाऊ आहेत. मधल्या काळात काय झालं? पुनरुत्थित प्रभू याकोबाला, त्या भावांपैकी एकाला, भेटला, एवढं पौल सांगून जातो. त्या भेटीत दोघं काय बोलले, याबद्दल शास्त्रात एक शब्द नाही. मला ते फार आवडतं. घरच्या माणसाची आणि देवाची भेट दार लावून झाली.

मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप तर तुम्हाला पाठ असेल. मुलाला घेऊन आला आणि रडत म्हणाला, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला साहाय्य करा. प्रभूनं त्याला "आधी विश्वास वाढव, मग ये" असं म्हटलं नाही. त्याच्या फाटक्या विश्वासावरच मुलगा बरा केला. तेव्हा त्या बाईंना मनातून क्षमा करा आणि ते वाक्य पुन्हा घरात आणू नका.

आता तुमच्या यजमानांचं बोलणं.

ते वाचून मी थोडा वेळ पत्र खाली ठेवलं. अर्धवट राहिलेलं काम! तुम्हाला ते लागलं, हे कळतंय. पण मला वाटतं, ते चिडून बोललेले नाहीत, दुखावून बोललेले आहेत. ते तुम्हाला विचारतायत: मी आहे असा तुला आवडतो का, की तू माझ्या बदलण्याची वाट पाहतेस?

स्वतःला विचारून पाहा, आणि कठोरपणे नव्हे, प्रेमानं. ते शेजारी असताना तुम्ही मोठ्यानं प्रार्थना करता, तेव्हा ती देवाला ऐकू जावी म्हणून असते की त्यांना? आपण सगळ्यांनी हे केलेलं आहे. डोळे देवाकडे मिटलेले आणि वाक्यं मात्र टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला उद्देशून. ती प्रार्थना राहत नाही, ते प्रवचन होतं, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. प्रभूनं खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितलं ते दिखाऊपणा टाळण्यासाठी, हे खरंच. पण घरातल्या माणसासाठी प्रार्थना करताना त्या बंद दाराचा मला आणखी एक उपयोग दिसतो: त्याच्या कानावर आपल्या प्रार्थनेचं ओझं पडत नाही.

पेत्रानं विश्वास न ठेवणाऱ्या नवऱ्यांबद्दल पत्नींना लिहिलं तेव्हा तो म्हणाला, वचनावाचून, तुमचं वागणं पाहून ते मिळवले जावेत. वचनावाचून! ज्या माणसानं पेंटेकॉस्टच्या दिवशी हजारोंच्या जमावापुढे भाषण केलं, तो घरासाठी म्हणतो, बोलू नका. (या वचनाचा आधार घेऊन बायकांना मारहाण सोसायला लावणारे लोकही मी पाहिले आहेत. तो या वचनाचा अपमान आहे. तुमच्या घरी तसं काही नाही हे पत्रावरून दिसतं, पण हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहून ठेवते.)

नवरा आणि मुलगा, दोघांसाठी रडलेली एक बाई आपल्याआधी होऊन गेली. संत मोनिका, ऑगस्टीनची आई. चौथ्या शतकातली, उत्तर आफ्रिकेतली. तिची गोष्ट चर्चमध्ये इतक्यांदा सांगितली जाते की ऐकून ऐकून गुळगुळीत झाली आहे. पण तिच्यातले दोन प्रसंग मी तुमच्यासाठी नीट उलगडून सांगते, कारण ते सहसा अर्धेच सांगितले जातात.

पहिला प्रसंग. ऑगस्टीन तरुणपणी मानी नावाच्या गुरूनं काढलेल्या पंथाच्या नादी लागला होता. मोनिका एका बिशपकडे गेली आणि गयावया करू लागली, माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका त्याला दाखवा. बिशप नाही म्हणाला. त्याचं म्हणणं असं की तुझा मुलगा अजून शिकून घेण्याच्या मनःस्थितीत नाही. त्याला तिथेच राहू दे, तू फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर, वाचता वाचता त्याला स्वतःलाच आपली चूक कळेल. मोनिका ऐकेना, रडतच राहिली. तेव्हा बिशप काहीसा वैतागून म्हणाला, जा आता. इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावेल हे शक्य नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधीचं वाक्य कुणी सांगत नाही: त्याला राहू दे, तू प्रार्थना कर. बिशपनं तिला दोन कामं वाटून दिली होती. मुलाला समजावणं तिच्याकडे नव्हतं. मुलासाठी देवाकडे जाणं तिच्याकडे होतं.

दुसरा प्रसंग मला त्याहून मोठा वाटतो. सन ३८३. ऑगस्टीननं रोमला जायचं ठरवलं. आईनं कार्थेजच्या बंदरावर त्याला घट्ट धरून ठेवलं: जाऊ नकोस, नाहीतर मला घेऊन चल. तो तिच्याशी चक्क खोटं बोलला. एका मित्राला निरोप द्यायचाय, वारा सुटेपर्यंत मी इथेच आहे, म्हणाला. जवळच संत सिप्रियनच्या नावाचं एक छोटं प्रार्थनास्थळ होतं, तिथे ती रात्रभर त्याच्यासाठी रडत प्रार्थना करत बसली. काय मागत होती? त्यानं जाऊ नये. आणि त्याच रात्री जहाज सुटलं. सकाळी ती किनाऱ्यावर आली, समुद्र रिकामा.

त्या सकाळी मोनिकाला कुणी विचारलं असतं, तर ती तुमच्यासारखंच म्हणाली असती: माझी प्रार्थना छताला आपटून खाली पडली. पण ऑगस्टीन इटलीला गेला म्हणून मिलानला पोचला, मिलानला पोचला म्हणून त्याला बिशप अँब्रोज भेटला, आणि ३८७ च्या ईस्टरला त्याच अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे ऑगस्टीननं स्वतः लिहून ठेवलं की त्या रात्री आई जे मागत होती ते देवानं दिलं नाही, कारण ती सदैव जे मागत आली होती ते त्याला द्यायचं होतं.

तुमचा मुलगा दूर गेला आहे. तो कुठल्या जहाजात बसलाय, तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नाही.

आणि नवरा? मोनिकाचा नवरा पॅट्रिशियस तापट होता, बाहेरख्यालीही होता. तो आयुष्याच्या अखेरीअखेरीला विश्वासात आला. मोनिकानं त्याच्याशी वाद घातला नाही, असं मुलगा सांगतो. तिनं आपल्या वागण्यातून त्याच्याशी देवाबद्दल संवाद केला.

आपल्या भाषेतलंही एक उदाहरण आहेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली बरीच वर्षं दोघं वेगळी राहिली, आणि लक्ष्मीबाईंनी त्या काळात काय सोसलं ते विसरून चालणार नाही. पण परत एकत्र आल्यावर टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही, त्यांना त्यांच्या पद्धतीनं राहू दिलं. लक्ष्मीबाई आल्या त्या आपल्या पायांनी.

आता रोजचं काय करायचं ते सांगते.

मुलाला वचनं पाठवणं थांबवा. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण त्या प्रत्येक संदेशामागे तुमचं किती काळीज आहे ते मला कळतं. पण त्याच्या बाजूनं बघा. सकाळी उठल्याउठल्या आईचं नाव मोबाइलवर येतं आणि त्याला आधीच माहीत असतं की यात मी कसा आहे हे विचारलेलं नसणार. त्याला फोन करा. झोप लागते का, साहेब त्रास देतो का, मित्र कोण आहेत, ते विचारा आणि ऐका. जे वचन तुम्ही त्याला पाठवलं असतं, तेच वचन त्याचं नाव घालून देवाला वाचून दाखवा. यहेज्केलाच्या ३६ व्या अध्यायात आहे ना, तुमच्यातलं पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन, ते त्याचं नाव घालून वाचा. आणि मग स्वतःचंही नाव घाला. मी घालते. दुसऱ्यासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना करताना आपलंही हृदय कधी कधी दगड होतं.

यजमानांना सांगा, सरळ शब्दांत: "तुम्हाला अर्धवट कामासारखं वाटावं असं मी वागले असेन, तर माझं चुकलं." प्रार्थना सोडली असं खोटं मात्र सांगू नका. म्हणा, "देवाजवळ मी माझ्या जिवाची माणसं नेते, म्हणून तुमचंही नाव घेते." एवढंच. त्यावर चर्चा नको.

आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करताना महिनाभर फक्त आभार माना. मागणं बंद. त्यांच्यातल्या एकेका चांगल्या गोष्टीबद्दल देवाचे आभार. पौल तर म्हणतोच, आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा. आपण मागणी कळवतो आणि आभार विसरतो. मी एका माणसासाठी हे केलं तेव्हा पहिल्या आठवड्यात मला मुद्दे सुचेनात, याची लाज वाटली. चौथ्या आठवड्यात वहीचं पान पुरेना. त्या माणसाकडे बघण्याची माझी नजर बदलली, आणि ते त्यालाही जाणवलं असावं.

तुम्ही एकट्या ओढताय, तेही थांबवा. कफर्णहूमात त्या पक्षाघाती माणसाची बाज चौघांनी उचलली होती, आणि मार्क लिहितो की येशूनं *त्यांचा* विश्वास पाहिला. एक विश्वासू मैत्रीण शोधा, जी विश्वास मोजणार नाही. ज्या आठवड्यात तुमच्याच्यानं होणार नाही, त्या आठवड्यात तिनं ती दोन नावं घ्यावीत.

शब्द येत नाहीत म्हणता. मग नका आणू. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल कबूल करतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, आणि आत्मा स्वतः, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं, आपल्यासाठी मध्यस्थी करतो. गुडघे टेकून दोन नावं घ्या आणि उठा. दाविदाला जमलं नाही तेव्हा त्यानं १३ व्या स्तोत्रात सरळ विचारलं, हे परमेश्वरा, कुठवर? तेही चालतं. ती काही कमी दर्जाची प्रार्थना नव्हे.

तुमचा शेवटचा प्रश्न मी शेवटापर्यंत ठेवला, कारण त्याचं उत्तर माझ्या स्वतःच्या घरातून द्यावं लागेल.

मी माझ्या वडिलांसाठी २२ वर्षं प्रार्थना केली. ते गेले तेव्हा त्यांनी विश्वास ठेवला असं मला कधीच सांगितलं नव्हतं. शेवटच्या आजारपणात एका संध्याकाळी मी त्यांच्या उशाशी बसून समजावत होते, आता तरी ऐका, वेळ कमी आहे. ते दमले होते. माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "आज नुसती बस." आणि मी? मी आणखी दहा मिनिटं बोलले. आयुष्यात परत मिळावीत असं वाटणारी दहा मिनिटं कुणी विचारली, तर मी तीच सांगेन. दुसऱ्या दिवसापासून नुसती बसले. त्यांचे पाय चेपले. मनातल्या मनात त्यांचं नाव देवाजवळ घेत राहिले. आठ दिवसांनी पहाटे ते गेले.

शेवटच्या रात्री त्यांच्या आणि देवाच्या मध्ये काय झालं, मला माहीत नाही. मी त्यांना स्वर्गात बसवून तुम्हाला धीर देणार नाही आणि दुसरीकडे बसवून घाबरवणारही नाही. तो अधिकार मला नाही. पण प्रभूच्या शेजारच्या क्रुसावरचा तो गुन्हेगार मला नेहमी आठवतो. त्याचीही आई असेल. कदाचित तिनं आयुष्यभर त्याच्यासाठी देवाकडे पदर पसरला असेल. तो कसा मेला हे तिला कळलं असेल. मरण्याआधी तो काय बोलला आणि त्याला काय उत्तर मिळालं, हे तिच्यापर्यंत कधी पोचलं असेल का? अब्राहामानं सदोमासाठी रदबदली करताना विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? मी माझे बाबा त्या प्रश्नाच्या ओंजळीत ठेवले आहेत. रोज ठेवते, कारण संध्याकाळपर्यंत परत उचलून घेतलेले असतात.

तेव्हा, थांबवू का, असं विचारलंत. नका थांबवू. लूकच्या १८ व्या अध्यायातल्या विधवेची गोष्ट लोक अशी सांगतात, जणू देवाला सतावलं की तो कंटाळून देतो. पण प्रभू तिथे देवाला त्या अन्यायी न्यायाधीशासारखा म्हणत नाही. असला न्यायाधीशदेखील ऐकतो, मग तुमचा देव किती ऐकेल, असं म्हणतो. आणि गोष्ट संपवताना तो एक प्रश्न विचारतो: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? मला तो प्रश्न दार ठोठावणाऱ्याला विचारलेला वाटतो. ती विधवा दारात उभी राहिली, हाच तिचा विश्वास होता. तुम्ही १४ वर्षं दारात उभ्या आहात. शब्द संपलेले असताना मला हे पत्र लिहिलंत, म्हणजे अजून तिथेच आहात.

आणि एक. तुमच्या पत्रात तुमच्या नकळत एक वाक्य येऊन गेलं: ते दर रविवारी फाटकाशी सोडतात आणि उपासना संपेपर्यंत गाडीत थांबतात. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही, तिच्यासाठी हा माणूस १४ वर्षं दर आठवड्याला आपला सुटीचा दिवस देतोय. ते तुमच्यासाठी थांबतात. आत गाणी चालतात, ती बाहेर ऐकू येत असतीलच. तुम्ही त्यांना कधी विचारलंत, कंटाळा येतो का? कोणतं गाणं आवडलं, असं नव्हे हं. फक्त, कंटाळा येतो का, असं.

येत्या रविवारी गाडीतून उतरताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, "तुम्ही थांबता, मला फार बरं वाटतं." पुढे काही जोडू नका. आत जा.

पत्राच्या खाली तुम्ही दोघांची नावं लिहिली होती, ती इथे छापली नाहीत. माझ्या वहीत लिहून घेतली आहेत, बाबांच्या नावाखाली.

तुमची,
ताई